इतर हक्क

भीमेच्या दक्षिणेस मंगळवेढ्याचे जे काळेभोर, सपाट आणि दृष्टी थकेपर्यंत अखंड असे शिवार पसरले आहे, त्यात मातीची जितकी समृद्धी तितकीच दगडाची वाण. त्यामुळे पूर्वी ज्याला शेतातल्या वस्तीवर पक्के घर बांधण्याची हौस किंवा गरज असे, त्याला दगड दुरून गाडीने आणावा लागे, माळवदावर पसरायची पांढरी माती एखाद्या पडक्या गढीच्या नाहीतर ओसाड वाड्याच्या जागेवरून खणून आणावी लागे, आणि या दोन मालांबरोबर, गाडीवानाच्या नकळत व भाडे न भरता, तिसराही एक ऐवज घरी पोहोचत असे. तो ऐवज म्हणजे विंचू. वास्तुशांतीच्या पंगती उठत तेव्हा हा गृहस्थ बायकापोरांसह आधीच राहायला आलेला असे.

आमच्या वस्तीवरचे घर याच जातीचे. दोन्ही अंगांनी दगडांचे थर आणि मधल्या पोकळीत कपऱ्या नि चिखल यांची भर, अशा हातभराहून रुंद भिंती. त्या भिंतींत देवळ्या, खुंट्यांची भोके, धान्याचे बळद. वर तुळया, तुळयांवर काठ्यांची आडवी पाखर, तीवर पाला आणि पाल्यावर पांढरी माती. वैशाखात बाहेर उन्हाने भुई तडकत असता आत जो गारवा असे, त्याची सर पंख्याखाली बसून येत नाही. मात्र ज्या गुणांमुळे असे घर माणसाला मानवते, नेमक्या त्याच गुणांमुळे ते विंचवालाही मानवते, ही गोष्ट त्या गारव्याचे गोडवे गाणारे शहरी लोक सहसा सांगत नाहीत. गारवा, काळोख, पाठीला आणि पोटाला एकाच वेळी दगड लागेल इतकी अरुंद फट, आणि रात्री दाराशी झुरळे-रातकिडे यांची मुबलक आवक, यापलीकडे विंचवाच्या मागण्या नाहीत.

या घराचा आणि भोवतालच्या जमिनीचा सातबारा मी अनेकदा वाचला आहे. गावाकडच्या माणसाला त्या कागदाइतके चित्तवेधक वाङ्मय दुसरे नाही. कब्जेदाराच्या सदरी वडिलांचे नाव, पिकांच्या रकान्यात रब्बी ज्वारी, करडई, हरभरा. आणि ‘इतर हक्क’ म्हणून जे एक सदर असते, ज्यात मालक नसलेल्यांचे पण सरकारला अगदीच नाकारता न येणारे संबंध नोंदले जातात, त्यात सोसायटीचा बोजा, विहिरीतल्या पाण्यात चुलत्यांचा हिस्सा, आणि सर्वांत खाली आत्याचे नाव. आत्या लहानपणी विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमची. बहिणींची नावे वारसाने आली तरी ती कब्जेदारांच्या ओळीत न लावता या सदरात ढकलण्याची वहिवाट आमच्याकडे सार्वत्रिक होती, आणि तलाठ्याने ती नोंद केली तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. खुद्द आत्यानेही नाही. भिंतीतल्या रहिवाशांची नोंद मात्र कोणत्याच फेरफारात झाली नाही. वास्तविक कब्जा जुना, अखंडित आणि उघड असेल तर तो कायद्याने बळकट होतो असे म्हणतात. त्या न्यायाने पाहिले तर त्यांचा दावा आमच्याहून सरस ठरता.

विंचवांशी घराचा जो काही व्यवहार होता, तो सगळा आत्याकडे होता. तिने कधी नियम म्हणून काही सांगितले नाही. पण अंथरूण घालताना वाकळ दोन्ही टोकांना धरून झटकायची, वहाण पायात सरकवण्याआधी उंबऱ्यावर आपटायची, बळदात हात घालण्यापूर्वी काठी फिरवायची, तुरकाठ्यांची मोळी आडवी न उचलता उभी करून जमिनीवर ठोकायची, बाळंतिणीची बाज भिंतीपासून ओढून घ्यायची, आणि अंधारात चालताना तोल गेला तरी भिंतीचा आधार घ्यायचा नाही, या गोष्टी आम्हां मुलांच्या अंगात इतक्या भिनल्या की पुढे शहरातल्या बंद सदनिकेतही बूट आपटल्याशिवाय घालणे मला जमले नाही, आणि शेजाऱ्यांनी त्यावरून माझ्या स्वभावाविषयी काही भलतीच अनुमाने काढली. आत्याचे म्हणणे एवढेच असे, “इच्चू कुठं चावतोय रं? आपणच त्येच्या दारात हात घालतो.” हे म्हणणारी आत्या विंचू दिसला की क्षणाचाही विलंब न लावता तो पायताणाने चेचत असे, यात तिला विसंगती वाटत नव्हती, आणि मलाही वाटत नाही. दारात हात घालायचा नाही हा एक भाग. तो आपल्या दारात आला तर गय करायची नाही हा दुसरा.

तिला इंगळी आणि विंचू यांतला भेद पक्का ठाऊक होता. इंगळी मोठी, काळी कुळकुळीत, खेकड्यासारख्या जाड नांग्यांची; तिला पाहून अंगावर काटा येतो आणि नवखा माणूस किंचाळतो. तिच्या डंखाने वेदना होते, सूज येते, पण जीव जाण्याचे भय फारसे नसते. तांबडा विंचू तिच्या तुलनेने किरकोळ दिसतो. पुढच्या नांग्या बारीक, शेपटी मात्र पुष्ट, रंग विटकरी नाहीतर पिवळसर. आणि महाराष्ट्रात विंचवाने जी माणसे, विशेषतः जी लहान मुले दगावली, ती बहुतांशी या किरकोळ दिसणाऱ्याच्या हिशेबी जमा आहेत. भपक्याला भ्यावे आणि बारीक अंगाच्या गुपचूप प्राण्याकडे दुर्लक्ष करावे, ही खोड माणसाला अनेक ठिकाणी महाग पडते. येथे ती मुलाच्या प्राणावर बेतते.

घरातल्या इतर डंखधारी मंडळींविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल. गोम होती, पावसाळ्याच्या तोंडी न्हाणीच्या मोरीतून वर येणारी. गांधीलमाश्या होत्या, वळचणीला कागदी पोळे लटकवून बसणाऱ्या. त्यांचा राग उघड आणि तत्काळ, त्यामुळे त्यांच्याशी वागणे सोपे. बांधावरच्या उंच झाडावर कधीमधी आग्या मोहोळ बसे, आणि मग त्या झाडाखालची वाट आठवडेच्या आठवडे बंद राही. पण माझे मन गुंते ते कुंभारणीत. ही बारीक कंबरेची माशी ओली माती तोंडाने आणून भिंतीवर, चौकटीवर, फार काय देवाच्या तसबिरीमागेही सुबक मडकी घडवते, त्यात अळ्या नाहीतर कोळी आणून कोंबते, आणि तोंड लिंपून निघून जाते. काही दिवसांनी मडके फोडून बाहेर पडते ती अळी नव्हे, नवी कुंभारीण. यावरून आपल्या पूर्वजांनी कीटकभृंगन्याय रचला: भृंगीच्या कैदेत पडलेला किडा भयाने तिचेच अखंड चिंतन करतो आणि त्या चिंतनाने स्वतःच भृंगी होतो, तसा जीव ध्यासाने शिव होतो. वस्तुस्थिती अशी की आणलेली अळी डंखाने लुळी केलेली असते, मेलेली नसते. तिच्या शेजारी घातलेल्या अंड्यातून कुंभारणीचे पिल्लू निघते आणि त्या ताज्या, जिवंत शिधोरीवर पोसले जाते. निरीक्षण अचूक होते, भिंतीशी डोळा लावून बसल्याखेरीज ते झालेच नसते. फक्त मडक्याच्या आत काय चालते ते दिसत नव्हते, आणि तेवढ्या जागेत वेदान्त बसवला गेला. कीर्तनात हा दृष्टान्त निघाला की अजूनही माझी मान डोलते. पण त्या लुळ्या अळीच्या बाजूने कोणी अभंग लिहिला नाही हेही मनात आल्यावाचून राहत नाही.

संतांच्या हाती विंचवाचेही असेच काही झाले. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी विंचवाचे भारूड रचले, ते आजतागायत गावोगाव नाचून गायले जाते, आणि मंगळवेढ्याची भूमी तर संतांचीच, येथे ते न ऐकलेला माणूस मिळायचा नाही. मनातल्या विकारांना विंचवाचे रूप देऊन, सत्त्वगुणाचा उतारा सांगणारे ते रूपक सर्वश्रुत आहे. मला त्यातले अध्यात्म समजते असा माझा दावा नाही. मला थक्क करतो तो त्यातला घाम. डंखानंतर अंगाला सुटणारा घाम, प्राणांची ती कासाविशी, सर्वांगाचा दाह, हे नाथांनी विंचू उतरवायला बसलेल्या माणसाच्या शेजारी बसून पाहिले असले पाहिजे. गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी चारशे वर्षे तो घाम उपमेयाच्या खाती टाकला. तो रोगाचे लक्षण म्हणून वाचणारा माणूस मराठी मुलखातच निघाला, पण फार उशिरा.

मधल्या काळात कारभार मांत्रिकाच्या हाती होता. विंचू ‘चढतो’ आणि ‘उतरतो’. कोणी आघाड्याची मुळी फिरवी, कोणी चिंचोका दगडावर घासून दंशाच्या जागी चिकटवी, कोणी पुटपुटत वरून खाली हात ओढी. त्याला यश येई, हे मान्य केले पाहिजे. आणि का येई हेही समजून घेतले पाहिजे. इंगळीचा डंख मंत्राशिवायही उतरणारच. तांबड्या विंचवाच्या डंखातही अनेकदा विष थोडेच जाते आणि रात्र ठणक्यात काढून माणूस सकाळी उठून बसतो. हे सर्व यश मांत्रिकाच्या खाती जमा होई. जे मूल पहाटे धापा टाकू लागे, ओठांशी गुलाबी फेस येऊन मरे, त्याची ‘वेळच भरली होती’. अशी चोख जमाखर्चाची वही कोणत्याही दप्तरात सापडायची नाही.

ही वही ज्यांनी मोडली ते डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या तांबड्या विंचवाचा लौकिक आमच्याकडच्याहूनही भयंकर, आणि त्या काळी विंचूदंशाने अत्यवस्थ होऊन आलेल्या दहांपैकी तीन-चार रोगी हाती लागत नसत. या तरुण डॉक्टराने काय केले, तर तो रोग्याच्या खाटेशी रात्र रात्र बसला आणि लिहून ठेवू लागला: प्रथम ओकारी, मग दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, रक्तदाब भडकलेला, आणि काही तासांनी हृदय थकून फुप्फुसात पाणी. हा क्रम त्यांनी १९८२ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत मांडला. विंचवाचे विष मज्जातंतूंना नको तितका वेळ उद्दीपित ठेवते, त्यामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, आणि आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध झगडून हृदय हरते; तेव्हा त्या वाहिन्याच सैल का करू नयेत, या विचाराने त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. १९८६ साली तिचा अहवाल त्याच पत्रिकेत आला. वेळेवर पोहोचलेल्या रोग्यांतले मृत्यू शेकडा एकाच्या आसपास उतरले. पुढे विंचवाची प्रतिविषलसही आली. ती आणि गोळी दोन्ही दिल्यास रोगी अधिक लवकर सावरतो, हे बावस्कर पतिपत्नींनी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. मला या हकीकतीत सर्वांत मोलाचे वाटते ते गोळीपेक्षा खाटेशी बसणे. मोठी यंत्रे नव्हती. घाम पुसण्याआधी तो पाहिला गेला, एवढेच.

विंचू कोणाला चावतो, याची गणती आमच्या तालुक्यात मनातल्या मनात केली तरी एक गोष्ट ठळक होते: तो खातेदाराला क्वचित चावतो. आमच्या ज्वारीचा दरारा मोठा. मालदांडीचे मोत्यासारखे दाणे सांगून मंगळवेढा स्वतःला ज्वारीचे कोठार म्हणवतो, आणि २०१६ साली या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ती ज्वारी विळ्याने सोयीस्कर उभ्याने कापली जात नाही. माघ-फाल्गुनात भेगाळलेल्या भुईतून ताटे मुळासकट हाताने उपटायची असतात. उपटलेली ताटे पेंढ्या बांधून पडतात, कणसे मोडायला बायका पेंढ्यांशी बसतात, कडबा उचलून बुचाड रचले जाते, आणि या प्रत्येक हालचालीत कोणाचा तरी उघडा हात कशाच्या तरी खाली जातो. रात्रीचा गारवा धरून पेंढीखाली निजलेला विंचू तेथेच असतो. पुढे रोहिणी-मृगाच्या सरींनी बिळांत पाणी शिरले की तो वर येतो, तेव्हा अनवाणी पाय कोणाचे, सरपणाच्या ढिगात हात कोणाचा, जमिनीवर निजणारी पोरे कोणाची, हे सांगावयास नको. मजुरीच्या दराच्या वाटाघाटीत मी डंखाचा विषय निघालेला कधी ऐकला नाही.

गावकुसाच्या दगडांविषयीही असेच. मंगळवेढ्यात दामाजीपंतांचे मंदिर आहे. बहामनी अमलात दुष्काळ पडला असता या अधिकाऱ्याने बेदरच्या हुजूरची परवानगी न घेता सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली केली, आणि त्या धान्याची रक्कम विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष पांडुरंगाने दरबारात भरली, ही कथा सर्वांना माहीत आहे. याच गावात १३३८ साली कुसाची भिंत बांधण्याच्या कामावर असलेले मजूर भिंत कोसळून गाडले गेले, त्यांत चोखामेळा होता. त्याच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरास नेल्या. कुसाच्या आत राहणाऱ्यांच्या रक्षणासाठी बाहेर राहणाऱ्यांनी ती भिंत बांधावी, आणि दगड उचलताना जे काही दगडाखाली असेल ते त्यांनीच सोसावे, असा तो करार होता. गावकुसे पडली; दगड पुढे कोणाकोणाच्या घरांत गेले, आणि आमच्याही भिंतीत त्यांतले काही असतील, या शंकेने मला कधीकधी त्या भिंतीला टेकून बसणे अवघड होते, विंचवाची बाब सोडूनही.

विंचवाविषयी माझे मत पालटले ते अर्थात या विचारांनी नव्हे, तर एका दगडाने. न्हाणीजवळचा दगड आत्याने काठीने उलथला, आणि खाली विंचवी होती. तिच्या पाठीवर पांढुरकी, मऊ, भाताच्या शितांएवढी पिल्ले दाटीवाटीने बसलेली. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आम्ही बोलण्यात सर्रास वापरीत असू. ते बिऱ्हाड पाहिलेले नव्हते. विंचवी अंडी घालत नाही, सजीव पिल्लांना जन्म देते, आणि पहिली कात टाकीपर्यंत ती तिच्या पाठीवर राहतात. पोरे आईला खातात ही समजूत खेड्यात पक्की आहे. तिच्यात तथ्य नाही. फ्रान्सच्या दक्षिणेत फाब्र नावाचा एक निवृत्त शिक्षक होऊन गेला, त्याने आपल्या अंगणात विंचू पाळून त्यांचे प्रियाराधन आणि मातृत्व वर्षानुवर्षे न्याहाळले. नर मादीच्या नांग्या आपल्या नांग्यांत धरून तिला मागेपुढे कसा फिरवतो हे त्याने मोठ्या रसिकतेने लिहून ठेवले आहे. विंचवाचा वंश चाळीस कोटी वर्षांहून जुना. आमची काळी माती ज्या लाव्हाच्या खडकापासून झाली, तो खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आत्या त्या दगडापाशी जरा थांबली. मग म्हणाली, “लेकुरवाळी हाय,” आणि दगड होता तसा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो दगड कोणी उलथला, आणि काय झाले, हे मी विचारले नाही.

अलीकडे धाकट्या भावाने वस्तीवर स्लॅबचे घर बांधले आणि जुन्या घरात कडबा, खतांच्या गोण्या व आत्या राहिली. स्लॅबच्या घरात विंचू निघत नाही असे भाऊ छातीठोकपणे सांगतो, आणि मोरीची जाळी, विटांचा उरलेला ढीग, पाण्याच्या मोटारीची पेटी येथे तो निघाला की त्याला अपवाद म्हणतो. झटकण्या-आपटण्याची सवय नव्या घरातल्या मुलांना नाही. दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने अतिनील प्रकाशाची एक विजेरी आणली. त्या प्रकाशात विंचवाचे कवच हिरवट-निळे चमकते, हे त्याने कोठे तरी वाचले होते. रात्री जुन्या घरातला दिवा मालवून त्याने ती भिंतीवर फिरवली, आणि आम्ही जिच्या आडोशाला जन्म काढला ती भिंत फटीफटींतून उजळली. भाचा मोठ्याने मोजू लागला. बाजेवर बसलेली आत्या शेवटी म्हणाली, “झालं का मोजून? मग आता त्यास्नी रेशनकार्ड काढून दे.”

विजेरी भाचा विसरून गेला. आता भावाची थोरली मुलगी रोज रात्री जेवणानंतर ती घेऊन मोटारीची पेटी, विटांचा ढीग आणि न्हाणीची मोरी तपासते, सापडेल तो विंचू लांब चिमट्याने पत्र्याच्या डब्यात टाकते, आणि सकाळी तो डबा कोंबड्यांपुढे पालथा करते. कोंबड्या नांगीसकट खातात. जुन्या भिंतीकडे ती जात नाही. तिकडचे बघायला आत्या आहे.